रोलप्लेइंग गेममध्ये तुमचं पात्र मेलं तर पुढे काय होतं?

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा पहिला एपिसोड आठवतोय? साल १९८३. चार पोरं तळघरात टेबलाभोवती बसलीयेत आणि खेळात त्यांच्यासमोर डेमोगॉर्गन उभा राहतो. विलला फायरबॉल टाकायचाय. त्यासाठी फाशावर १३ किंवा जास्त पडायला हवेत. तो फासा टाकतो, फासा घरंगळत टेबलाखाली जातो आणि तेवढ्यात माईकची आई खेळ बंद करायला येते. फासा सापडतो तेव्हा त्यावर ७ असतात. माईकनं पाहिलं नाही ना, मग धरायचं नाही, असं मित्रांचं म्हणणं. विल मात्र घरी निघताना माईकला स्वतःहून सांगून टाकतो, की सात पडले होते. डेमोगॉर्गननं त्याला गाठलं.

खोटं बोलून पात्र वाचवता येत होतं, तरी पोरानं वाचवलं नाही. हा खेळ माहीत नसेल तर हे जरा वेड्यासारखं वाटेल.

आधी खेळ समजून घेऊ

ती पोरं खेळत होती तो गेम म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी अमेरिकेत १९७४ मध्ये तो बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू एक पात्र तयार करतो. त्याचं नाव, स्वभाव, भूतकाळ, सगळं स्वतः ठरवतो. एक जण डंजन मास्टर म्हणजे डीएम होतो. तो सूत्रधार. जग तो उभं करतो आणि राक्षसांच्या बाजूनंही तोच खेळतो. आपलं पात्र काय करतंय ते तुम्ही तोंडानं सांगायचं. जिथे काम जमेल की नाही अशी शंका असते, तिथे फासा निकाल देतो. एकच गोष्ट कधीकधी वर्षानुवर्षं चालते.

लुडोमध्ये सोंगटी मारली तर ती घरी जाते आणि सहा पडले की परत बाहेर येते. व्हिडिओ गेममध्ये मेलात तर शेवटच्या सेव्ह पॉइंटपासून पुन्हा सुरू. इथे पात्र मेलं की वर्षभर तुम्ही ज्याच्या आवाजात बोलत होतात, तो माणूस गोष्टीतून गेला. बाकीचे मित्र मात्र त्याच गोष्टीत पुढे चाललेत.

मरण येतं कसं?

२०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीचा नियम बघू. पात्राचे हिट पॉइंट्स शून्यावर आले की ते लगेच मरत नाही, बेशुद्ध पडतं. मग आपली पाळी आली की २० बाजूंचा फासा टाकायचा. १० किंवा जास्त पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. आधी तीन यशं झाली तर जीव वाचला, आधी तीन अपयशं झाली तर खेळ खलास. नेमका १ पडला तर दोन अपयशं धरतात. २० पडले तर पात्र थेट डोळे उघडतं. मधल्या वेळात कुणी मित्र धावत येऊन उपचार करू शकतो. अख्खं टेबल श्वास रोखून बघत असतं ते याच फाशाकडे.

मेल्यावरही दार पूर्ण बंद होत नाही. 'रिव्हिव्हिफाय' नावाच्या मंत्रानं मरणानंतर एका मिनिटाच्या आत परत आणता येतं, त्यासाठी ३०० सोन्याच्या नाण्यांच्या किमतीचे हिरे लागतात. 'रेझ डेड'ला दहा दिवसांची मुदत आहे आणि हिरा ५०० नाण्यांचा. थोडक्यात, टोळी श्रीमंत आणि अनुभवी असेल तर मृत्यू हा खर्चाचा एक आकडा होतो. नव्या, कडक्या टोळीसाठी तो कायमचा.

जुन्या काळी मात्र मरण भलतंच स्वस्त होतं. गायगॅक्सनं १९७५ च्या एका स्पर्धेसाठी 'टूम ऑफ हॉरर्स' हे थडगं रचलं. त्यात भिंतीवर एका हिरव्या सैतानाचा चेहरा आहे, तोंड आ वासलेलं. आत काय आहे बघायला जो शिरेल तो जागीच नष्ट. फासाबिसा काही नाही. 'ट्रॅव्हलर' या १९७७ च्या गेममध्ये तर पात्र तयार करता करताच मरू शकायचं, खेळ सुरू व्हायच्या आधी! १९८४ च्या 'पॅरानोया'नं सरळ विनोद केला आणि प्रत्येकाला सहा क्लोन देऊन टाकले. एक मेला की दुसरा हजर.

डीएमनं फासा लपवावा का?

डीएम सहसा पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकतो. म्हणजे राक्षसाचा फटका किती जोरात बसला हे फक्त त्यालाच दिसतं. समोर मैत्रिणीचं लाडकं पात्र, आणि फाशानं त्याच्या मरणाचा आकडा दाखवलाय. पटकन आकडा बदलून 'थोडक्यात वाचलीस' म्हणायचं? अनेक डीएम तसं करतात. माझं मत विचाराल तर करू नये.

लहानपणी लपाछपीत आपण छोट्या भावंडांना कच्चं लिंबू म्हणून घ्यायचो. ते पळायचं, लपायचं, पण त्याच्यावर राज्य कधी येत नसे. त्याला हे कळेपर्यंत मजा होती. कळल्यावर ते रडायचंच. गुपचूप आकडा बदलणारा डीएम अख्ख्या टेबलाला कच्चं लिंबू करतो. एकदा का ते लक्षात आलं, की आधीचे सगळे थरारक विजयही संशयास्पद वाटू लागतात. विलनं सात पडल्याचं कबूल केलं ते यासाठीच असावं, असं मला वाटतं.

पण म्हणून प्रत्येक टेबलावर मरण हवंच असंही नाही. फक्त ते आधी बोलून ठरवावं. याला 'सेशन झिरो' म्हणतात. फासे हातात घेण्याआधी सगळ्यांनी बसून ठरवायचं, की पात्रं मरू शकतात का, कुठल्याही फालतू खड्ड्यात पडून की फक्त मोठ्या लढाईत, आणि परत आणता येतील का. काही गेम हा प्रश्न स्वतःच सोडवतात. 'टेल्स फ्रॉम द लूप'मध्ये मुलांची पात्रं मरूच शकत नाहीत. 'टेन कँडल्स' दहा मेणबत्त्या लावून खेळतात आणि शेवटची विझते तेव्हा सगळेच मेलेले असतात. ते पहिल्या मिनिटापासून माहीत असतं, म्हणून फसवल्यासारखं वाटत नाही.

मेल्यानंतर त्या खेळाडूनं काय करायचं?

खरा घोळ इथे होतो. रात्रीचे नऊ वाजलेत, पात्र मेलंय आणि सेशन अकरापर्यंत चालणार आहे. ती व्यक्ती दोन तास मोबाइल बघत बसते आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. यावर साधे उपाय आहेत. पात्राला शेवटचे दोन शब्द बोलू द्या. इतरांना दफन करायला, त्याची तलवार कोणी घ्यायची ते ठरवायला वेळ द्या. उरलेल्या लढाईत त्या खेळाडूला एखादा राक्षस चालवायला द्या. मित्रांना झोडपायला मिळालं की दुःख जरा हलकं होतं.

'क्रिटिकल रोल' हा व्हॉइस अ‍ॅक्टर्सचा प्रसिद्ध शो आहे, मॅथ्यू मर्सर त्याचा तेव्हाचा डीएम. २०१८ मध्ये त्यांच्या दुसऱ्या मोहिमेच्या २६ व्या भागात मॉलीमॉक हे लोकप्रिय पात्र मेलं. टोळी नवखी होती, जिवंत करायची सोय नव्हती. मर्सरनं कसलाही चमत्कार घडवला नाही. मित्रांनी त्याला रस्त्याकडेला पुरलं. तो साकारणारा टॅलिसिन जॅफी नवं पात्र घेऊन आला, कॅड्यूसियस. हा शांत, चहा पाजणारा, स्मशानाची देखभाल करणाऱ्या घराण्यातला. मॉलीचं शरीर खूप पुढे गोष्टीत परत आलं, पण शत्रू बनून.

नवं पात्र टोळीत आणणं ही मात्र भल्याभल्या डीएमची पंचाईत. शंभर फूट जमिनीखाली, राक्षसांनी भरलेल्या गुहेत नवा माणूस येणार कुठून? मग ठरलेला उपाय म्हणजे पुढच्याच खोलीत कुणीतरी बांधून ठेवलेला कैदी सापडतो. त्याचं नाव-गाव कोणी विचारत नाही, पाच मिनिटांत त्याच्या हातात तलवार येते आणि लुटीत वाटाही ठरतो.