भाड्याचे घर आणि पुराची रेघ

महाडमध्ये भाड्याचे घर पाहायला गेलात, तर स्वयंपाकघराआधी भिंत पाहावी. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठेतील तळमजले बुडाले. त्या पाण्याची रेघ काही भिंतींवर राहिली, पुष्कळ ठिकाणी रंगाखाली गेली. रंग नवा दिसला तर शेजाऱ्याला विचारावे. तो आकडा सांगत नाही, हात वर करून दाखवतो.

दुकान, देरासर आणि घर हाकेच्या अंतरावर असावे, ही आपल्या व्यापारी कुटुंबांची जुनी अपेक्षा. सूर्यास्तापूर्वी भोजन व्हायचे, तर दुकानातून घरी पोहोचण्यास वेळ लागून चालत नाही. वृद्धांना सकाळी पायी दर्शनाला जाता आले पाहिजे. परंतु महाडची पेठ वसली ती नदीच्या आधाराने. एके काळी भरतीच्या पाण्यावर माल खाडीतून वर येत असे, म्हणून व्यापार काठाशी राहिला, आणि काठ सखल आहे. जी जागा व्यवसायाला सोयीची तीच पाण्याच्या वाटेवरची. २००५ चा पूरही जुलैतलाच. म्हणजे संकट येते ते पावसाळ्यात, चातुर्मासाच्या दिवसांत, घरात कुणाची तपश्चर्या चालू असताना. परवडणाऱ्या भाड्याची चौकशी केली की दाखवली जाते ती बहुधा तळमजल्याची जागा. ती स्वस्त का, हे दाखवणारा आपणहून सांगत नाही.

मग वरचा मजला घ्यावा का? घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. २४ ऑगस्ट २०२० रोजी काजळपुऱ्यातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचे प्राण गेले. इमारत जुनी नव्हती. तिला दहा वर्षेही झाली नव्हती. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र मागण्यात संकोच नसावा. खालचे खांब स्वतः पाहावेत; त्यांना तडे असतील तर वरच्या खोलीतील नव्या फरशीला भुलू नये.

कुणी पोलादपूरचा पर्याय सुचवतात. अंतर सुमारे १८ किलोमीटर, रस्ता महामार्गाचा. तिथे प्रश्न डोंगराचा आहे: त्याच २२ जुलैला पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. तेव्हा तिथे घरामागचा उतार पाहावा. शिवाय दुकान महाडला असेल, तर चौविहार पाळणाऱ्याला संध्याकाळची रोजची धावपळ जड जाते.

जागा ठरली की करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. तरीही मुद्रांकाचे थोडे पैसे वाचवण्यासाठी कागदावर कमी भाडे लिहिणारे आपल्यात आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख, आणि न्यासापहार, म्हणजे दुसऱ्याची ठेव गिळणे, हे दोन्ही गणले आहेत. भाडेकरूची अनामत परत देताना रंगकामाच्या नावाखाली मनमानी कपात करणाऱ्याने हा अध्याय एकदा काढून वाचावा.

खरे म्हणजे पेठेत आपण भाडेकरू असतो तसे घरमालकही असतो. २०२१ नंतर अनेकांनी आपले बिऱ्हाड वर नेले आणि खालच्या खोल्या दुकानातील नोकराला किंवा औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या तरुणाला दिल्या. त्याला ती जागा परवडते, यात वावगे नाही. पण पाणी कुठवर आले होते, हे अनामत घेण्याआधी त्याला सांगितले का? रात्री पाणी चढू लागले, तर त्याची मुले कुठे जातील?

आमच्या इमारतीत या प्रश्नावर दोन बैठका झाल्या. चोरीची भीती बोलून दाखवली गेली, ती अगदीच निराधार नव्हती. शेवटी ज्येष्ठ महिन्यापासून दिवाळीपर्यंत गच्चीला कुलूप लावायचे नाही, असे ठरले, आणि ते तळमजल्यावरच्या दोन्ही बिऱ्हाडांच्या करारात लिहून घेतले आहे.