जुने मीटर निघाले, आता पुढे काय?

गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत घरोघरी वीज पोहोचवते ती महावितरण. जुन्या मीटरच्या जागी स्मार्ट मीटर येताना हे लक्षात असू द्या.

चकतीचे मीटर : फिरणारी चकती अ‍ॅल्युमिनियमची, गुंडाळ्या तांब्याच्या, गाभा सिलिकॉन-पोलादी पत्र्यांचा, वेग आवरणारे एक कायमचुंबक. सुटे केले की जवळजवळ सगळा धातू पुन्हा वितळवता येतो. ही मीटर मागे पडली, कारण ग्राहकांची मीटर इलेक्ट्रॉनिकच असावीत, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2006 चे विनियम सांगतात.

इलेक्ट्रॉनिक मीटर : आत सर्किट बोर्ड, डिस्प्ले आणि बहुधा घड्याळासाठी छोटी लिथियम बॅटरी. जुन्या बोर्डांच्या डागकामात शिसे असू शकते. भंगारात फोडले किंवा जाळले, तर विषारी धूर निघतो आणि बॅटरी पेट घेऊ शकते. म्हणून बॅटरी आधी वेगळी काढावी लागते. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यानुसार ई-कचऱ्यावर प्रक्रिया नोंदणीकृत केंद्रांतच व्हायला हवी.

भंगारवाल्याला देऊ नका : महावितरणने बसवलेले मीटर कंपनीच्या मालकीचे. ते चोरणे विद्युत कायदा 2003 च्या कलम 136 खाली गुन्हा आहे, तर मीटरशी छेडछाड कलम 135 खाली येते.

बदलाच्या दिवशी : सील स्वतः तोडू नका. कर्मचाऱ्याचे ओळखपत्र पाहा. जुन्या मीटरचा क्रमांक व शेवटचे रीडिंग यांचा फोटो काढा, मीटर-बदल अहवालाशी ताडून पाहा आणि पुढच्या बिलापर्यंत जपा. तक्रारीसाठी क्रमांक : 1912.