फ्लॅश मोबाइलवरून का गेलं? ‘जुनं होतं’ एवढ्याने भागत नाही

सिनॉप्सिस लिहायला बसलं की ‘सदर तंत्रज्ञान कालबाह्य झाल्याने ते मोबाइलवर वापरणे योग्य नाही’ अशा धाटणीचं एखादं वाक्य हातून जातंच. वाचायला भारदस्त वाटतं, आणि गाईडही बहुतेक वेळा त्यावर अडत नाहीत. पण व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘कालबाह्य म्हणजे नेमकं काय हो?’ असं विचारलं, तर काय सांगणार? आज हा प्रश्न आपण फ्लॅशला लावून बघू. त्याचा निकाल लागून काही वर्षं झालीत, कुणाचा रागलोभ उरलेला नाही, त्यामुळे शांतपणे चिरफाड करता येते.

आधी वयाचं बघू. जीआयएफ १९८७ चं आणि जेपीईजी १९९२ चं. दोन्ही आत्ता तुमच्या फोनमध्ये आहेत. फ्लॅशचा मूळ अवतार, फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर, आला १९९६ मध्ये. म्हणजे तिघांत धाकटं जे, तेच आधी गेलं. (व्हॉट्सॲपवर आपण जीआयएफ म्हणून जे पाठवतो ते आतून एमपी४ व्हिडिओ असतं, ही गंमत वेगळीच.) थोडक्यात, वयाने काही ठरत नाही. प्रत्येक तंत्रज्ञान बनतं तेव्हा समोरच्या यंत्राबद्दल आणि ते वापरणाऱ्या माणसाबद्दल काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. ती गृहीतकं फोनवर खरी ठरतात का, हे तपासायचं.

घटनाक्रम पटकन सांगते. २००५ मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली आणि फ्लॅश त्यांच्याकडे आलं. २००७ चा पहिला आयफोन फ्लॅशशिवाय आला. २९ एप्रिल २०१० ला स्टीव्ह जॉब्सनी ‘थॉट्स ऑन फ्लॅश’ हे जाहीर पत्र लिहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये मोबाइलसाठीचा फ्लॅश प्लेयर १०.१ आला आणि अँड्रॉइडवर चालू लागला. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीनेच मोबाइल ब्राउझरसाठीचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. संगणकावरचं फ्लॅश मात्र ३१ डिसेंबर २०२० पर्यंत टिकलं.

या विषयावर लिहिताना बहुतेक जण जॉब्सचं पत्र पुरावा म्हणून जोडतात. इथे सावध राहा. पत्रात सहा मुद्दे आहेत: खुलेपणा, संपूर्ण वेब, सुरक्षितता आणि वेग, बॅटरी, स्पर्श, आणि सहावा म्हणजे प्लॅटफॉर्म व डेव्हलपर यांच्यामध्ये तिसऱ्याच कंपनीचा थर येणं. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, असं पत्रातच म्हटलंय. तो धोरणाचा आणि धंद्याचा मुद्दा आहे, तो मल्टिमीटरने मोजता येत नाही. त्याच एप्रिलमध्ये ॲपलने दुसऱ्यांच्या साधनांनी बनवलेल्या ॲप्सवर बंधन घातलं होतं आणि सप्टेंबरमध्ये ते सैल केलं, हेही सोबत वाचायला हवं. पत्राचा संदर्भ जरूर द्या, पण ‘एका पक्षाची भूमिका’ म्हणून. ॲडोबी दुसरा पक्ष, त्यांच्या म्हणण्यालाही तीच चाळणी.

आता बॅटरी, कारण खरा अभ्यास इथे आहे.

पत्रातला दावा असा: आयफोनवर एच.२६४ व्हिडिओ १० तासांपर्यंत चालतो, आणि सॉफ्टवेअरने उलगडलेला व्हिडिओ ५ तासांच्या आतच बॅटरी संपवतो. वाचणारा लगेच ‘फ्लॅशमुळे बॅटरी निम्मी’ असं टिपून मोकळा होतो. पण तुलना कशाची आहे ते नीट बघा. ती फ्लॅश विरुद्ध बिनफ्लॅश अशी नाहीच. ती हार्डवेअर विरुद्ध सॉफ्टवेअर अशी आहे. फोनच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा ठरावीक भाग असतो. तो तेवढं एकच काम करतो, पण फार कमी विजेत. त्याला कळणाऱ्या स्वरूपात व्हिडिओ नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. वेबवरचा बराचसा फ्लॅश व्हिडिओ सोरेन्सन स्पार्क किंवा व्हीपी६ या जुन्या स्वरूपांत होता, आणि फोनमधल्या त्या भागाला साधारणपणे एच.२६४ कळायचं. पण २००७ च्या अखेरीपासून फ्लॅश प्लेयरसुद्धा एच.२६४ चालवू शकत होता, आणि १०.१ मध्ये काही उपकरणांवर तो हार्डवेअरचीही मदत घ्यायचा. म्हणजे फ्लॅश असूनही बॅटरी वाचणं शक्य होतं, आणि फ्लॅश नसतानाही ती उडणं शक्य होतं. संशोधन पद्धतीच्या पेपरात गोंधळात टाकणारा चल म्हणून जे पाठ करतो ना, ते हेच: दोन गोष्टी एकत्र बदलल्या, आणि श्रेय किंवा दोष एकीलाच दिला.

व्हिडिओ सोडून फ्लॅशचं मुख्य काम म्हणजे ॲनिमेशन, आणि तिथे मात्र फ्लॅशवरचा आक्षेप जास्त खरा आहे. फ्लॅशची फाइल एका टाइमलाइनवर चालते, समजा सेकंदाला २४ चौकटी. आकार रेषा आणि वक्रांच्या रूपात साठवलेले असतात, ते दर चौकटीला रंगवायचे. २०१० च्या नेक्सस वनचा पडदा ४८० × ८०० पिक्सेलचा, म्हणजे ३,८४,००० पिक्सेल. पूर्ण पडदा हलत असेल तर सेकंदाला ९२ लाखांवर पिक्सेलचा हिशेब, आणि तोही बराचसा मुख्य प्रोसेसरवर. टेबलावरच्या संगणकाला याचं काही वाटत नाही, कारण त्याची वायर भिंतीत गेलेली असते. ‘वीज कायम मिळणार’ हे फ्लॅशचं पहिलं गृहीतक. ते कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून तर पटकन दिसत नाही.

दुसरं गृहीतक माउस. माउसचा बाण बटणावर न दाबता नुसता थांबू शकतो. बाण वर आला की मेनू उघडणं, बटण उजळणं, नकाशावर गावाचं नाव दिसणं, हे सगळं त्यावर उभं. बोटाला असं तरंगता येत नाही. बोट एक तर पडद्यावर असतं किंवा नसतं. मापाचीही अडचण होती. फ्लॅशमध्ये नवी फाइल उघडली की स्टेज ५५० × ४०० पिक्सेलचा मिळायचा. नेक्सस वनच्या पडद्याची रुंदी सुमारे ४८ मिलिमीटर. ५५० पिक्सेल त्यात बसवले तर २० पिक्सेलचं बटण उरतं पावणेदोन मिलिमीटर! आपलं बोट टेकतं तो भाग याच्या कितीतरी पट मोठा. इथे प्रोसेसर कितीही वेगवान आणला तरी फरक पडत नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात: प्लगइन हा ब्राउझरला बाहेरून जोडलेला तुकडा. त्यात भोक सापडलं की तो वेगळा अपडेट करावा लागतो, आणि फ्लॅशमध्ये भोकं सतत सापडत राहिली. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, इथे थांबत नाही.

याउलट फ्लॅश लाइट बघा. ही फोनसाठीच काढलेली हलकी आवृत्ती. जपानमध्ये डोकोमोच्या फोनवर ती २००३ मध्येच आली आणि पुढे नोकियाच्या कितीतरी फोनवर होती. तिच्यासाठी सामग्री बनवणाऱ्याला लहान पडदा, कीपॅड आणि तुटपुंजी मेमरी आधीच माहीत असायची. म्हणजे ‘फ्लॅश मोबाइलवर चालूच शकत नाही’ हे सरसकट विधानही टिकत नाही. मोबाइल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं चाललं. संगणकासाठी बनवलेलं जसंच्या तसं फोनवर ओतलं, ते नडलं.

मग दोष इंजिनाचा की सामग्रीचा? हे वेगळं करायला प्रयोग लागेल: एक गोष्ट तशीच ठेवायची, दुसरी बदलायची. आणि असे दोन प्रयोग, कुणी प्रयोग म्हणून न करताही, आपल्यासमोर झालेले आहेत.

पहिला रफल. हा रस्ट भाषेत लिहिलेला मुक्त-स्रोत एम्युलेटर जुन्या फ्लॅश फाइली वेबअसेंब्लीच्या मदतीने साध्या ब्राउझरमध्ये चालवतो, प्लगइन लागत नाही. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून जतन केलेली फ्लॅश ॲनिमेशनं आणि खेळ याच मार्गाने दाखवायला घेतले. इथे सामग्री तीच, इंजिन नवं. फोनवर उघडून बघा. प्लगइनचा धोका गेला, कारण सगळं ब्राउझरच्याच कुंपणात चालतं. चित्र रंगवायला ग्राफिक्स चिप मदतीला येते. पण बाण नुसता थांबण्यावर चालणारा मेनू? तो अजूनही रुसलेलाच. ॲरो-कीवर चालणारा खेळही तसाच ताटकळतो.

दुसरा फेट. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डरमधला हा प्रकल्प भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यांची सुरुवातीची सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅशमध्ये होती. पुढे त्यांनी ती एचटीएमएल५ मध्ये आणताना नुसतं भाषांतर केलं नाही, बोटाला झेपेल अशी मांडणी पुन्हा आखली. यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. ज्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप नाही, घरातला एकच फोन आहे, त्याच्यासाठी हा फरक म्हणजे प्रयोग करता येणं किंवा न येणं. रफलने फाइल वाचवली, फेटने तिचा उपयोग वाचवला. दोन्ही लागतात, पण मनुष्यबळ आणि वेळ यांचा खर्च अगदी वेगळा. शाळांसाठी निघालेल्या फ्लॅशच्या शैक्षणिक सीडींचं काय करायचं, असा प्रकल्प कुणी घेणार असाल तर पहिल्याच पानावर हे ठरवावं लागेल. माझं मत: मुलांनी वापरायचं असेल तर पुन्हा बांधा, इतिहास म्हणून जपायचं असेल तर रफल पुरे.

बॅटरीचा मुद्दा स्वतः तपासायचा असेल तर फ्लॅशचीही गरज नाही. अँड्रॉइड फोनवर व्हीएलसी घ्या. त्याच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअरची मदत बंद-चालू करता येते. एकच एच.२६४ क्लिप, एकच फोन, ब्राइटनेस ठरावीक, एअरप्लेन मोड चालू. क्लिप दोन्ही प्रकारे चालवा, आणि क्रम आलटून पालटून ठेवा, कारण फोन तापला की आकडे बदलतात. बॅटरीची टक्केवारी टिपू नका. तो फोनने बांधलेला अंदाज असतो आणि त्याच्या पायऱ्या फार मोठ्या. त्याऐवजी बॅटरीतून जाणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये दाखवणारं ॲप घ्या, आणि नुसता पडदा चालू असताना किती प्रवाह जातो ते आधी मोजून वजा करा. निदान पाच-पाच वेळा तरी मोजा. आणि क्लिप अर्ध्या तासाची घ्या, दोन मिनिटांच्या क्लिपवर फोन तापायच्या आतच मोजणी संपते.