उमगल्याची खूण

'एकदम उमगले' असे माणूस म्हणतो, तेव्हा आपल्याला उमगले आहे हे त्याला कशावरून कळते? प्रश्न पंडिती वाटेल. पण संचार झालेल्याचा शब्द आपल्या गावांत कोणी तपासत नाही आणि गावकुसाबाहेरच्या माणसाने स्वतः सोसलेले सांगितले तर त्याला साक्षीदार आणायला सांगतात, हे मी पाहत आलो आहे. म्हणून मला हा प्रश्न पंडितांवर सोडवत नाही.

फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे ह्याने १९०८ साली आपला अनुभव नोंदवला आहे. एका विशिष्ट फलनांवर तो पुष्कळ झगडला होता. मग सहलीला गेला आणि गणित विसरला. कुतांस गावी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला, त्या क्षणी त्याला दिसले की, आपण वापरलेली रूपांतरणे आणि अयुक्लिडीय भूमितीतली रूपांतरणे एकच आहेत. पडताळायला सवड नव्हती, पण खात्री संपूर्ण होती. घरी परतल्यावर त्याने पडताळा घेतला आणि कल्पना खरी निघाली.

ध्यानीमनी नसताना येणे, थोडक्यात येणे, खात्री बरोबर घेऊन येणे ह्या त्या क्षणाच्या खुणा. पण प्वांकारेनेच पुढे सांगितले आहे की, ही खात्री कधीकधी फसवते. विशेषतः अंथरुणात, अर्धवट झोपेत सुचलेल्या कल्पनांच्या बाबतीत. आणि फसलो हे कळते ते सिद्धता मांडायला बसल्यावरच. त्याच्या पायरीची गोष्ट सगळे सांगतात. हे कोणी सांगत नाही!

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कोड्यांच्या प्रयोगांत, एकदम सुचलेली उत्तरे पायरीपायरीने काढलेल्या उत्तरांपेक्षा अधिक वेळा बरोबर निघाली. तेव्हा ही जाणीव फेकून देण्याजोगी नाही. परंतु २०२० सालचा दुसरा प्रयोग पाहा. विधानातल्या एका शब्दाची अक्षरे उलटसुलट केलेली होती. तो शब्द जुळून 'अरे हो!' असे झाले की वाचणाऱ्याला ते विधानच अधिक खरे वाटू लागे. शब्द सुटल्याचा आनंद विधानाच्या खात्यावर जमा होत होता. आपल्या बुवांना हे प्रयोगशाळेशिवायच ठाऊक होते.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या बुद्धचरित्रात बोधीचे वर्णन आहे, ते ह्या दृष्टीने वाचावे. तिथे आकाशातून काही उतरत नाही. दुःख आहे, ते दूर कसे करावे, हा प्रश्न घेऊन गौतम चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न जमवतो आणि बसतो. त्याला चार आठवडे लागतात.