सशाच्या पोटातला पावसाळा

जुलैमध्ये कपडे वाळायला किती वेळ लागतो, हे पनवेलजवळच्या सुकापूरमधल्या कुठल्याही मुलाला विचारा. शाळेचा शर्ट रात्रभर पंख्याखाली टांगला, तरी सकाळी अंगात घालताना सर्दच लागतो. असं का होतं, ते नकाशात पाहा. एकीकडे पनवेलची खाडी, दुसरीकडे माथेरानचा डोंगर. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेली हवा त्या सुमारे ८०० मीटर उंच डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि पाऊस धो धो कोसळतो. गाढी नदी फुगते. सुकापूर या सगळ्याच्या मधोमध! अशा दिवसांत हवेतली सापेक्ष आर्द्रता कितीदा तरी ८५ टक्क्यांच्या वर असते.

आणि नेमक्या याच दिवसांत आजीने क्रोशाने विणलेला ससा चिखलात पडतो.

ससा धुणं सोपं आहे हो. कठीण आहे ते वाळवणं. शर्ट म्हणजे कापडाचा एकच थर. सशाला मात्र पोट आहे, आणि पोटात कापूस किंवा पॉलिएस्टरचा फायबर ठासून भरलाय.

आधी त्याची कातडी नीट बघूया. एक साखळी, मग तिच्यात मुका खांब नावाचा छोटा टाका, मग त्याच्या शेजारी दुसरा मुका खांब, असं गोल गोल फिरत डोकं तयार होतं, पोट तयार होतं. एकच लांबलचक धागा आणि शेकडो फासे! स्वेटर विणणारी यंत्रं आहेत, पण खरा क्रोशा विणणारं यंत्र अजून कारखान्यांत आलेलं नाही. म्हणजे जगातल्या कुठल्याही दुकानात क्रोशाचं बाहुलं दिसलं, तर ते कुणीतरी हातानेच विणलेलं असतं. मला ही गोष्ट फार भारी वाटते.

हे फासे एकमेकांत सरकू शकतात, म्हणून ससा हाताला मऊ लागतो. पण ओला, जड ससा कानाला चिमटा लावून दोरीवर टांगला तर तेच फासे ताणले जातात आणि कान लोंबतात. म्हणून टांगायचं नाही. पिळायचंही नाही.

धुण्याआधी विणणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. आत काय भरलंय? तार असेल तर गंजेल, पुठ्ठा असेल तर भिजून लगदा होईल. आणि लोकर कसली आहे? दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेला प्लास्टिकचा धागा. तिला मेंढी माहीतच नाही! ॲक्रिलिकला पाण्याची भीती नसते, पण गरम इस्त्रीने ती कायमची लुळी पडते. मेंढीच्या खऱ्या लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात, आणि ससा आटून उंदराएवढा होऊ शकतो. कोमट किंवा साधं पाणी सगळ्यांनाच चालतं. गडद लाल किंवा निळा धागा असेल तर आधी ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून बघा. रुमालाला रंग लागला तर ससा धुवायचा नाही, फक्त डाग पुसायचा.

साबण सौम्य हवा. रिठे असतील तर उत्तम. भिजवलेले रिठे कुस्करले की फेस येतो, तो त्यांच्यातल्या सॅपोनिनमुळे. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला, आणि मळ पाण्याबरोबर निघून जातो. फक्त हे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

आता पोटाची गोष्ट. बारीक तंतूंच्या फटींतून पाणी आपोआप आत ओढलं जातं, त्याला केशाकर्षण म्हणतात. आत जायला पाण्याला काही क्षण पुरतात. बाहेर पडायचं तर त्याची वाफ व्हायला हवी. पण सशाभोवतीची हवा आधीच बाष्पाने भरलेली! जितके पाण्याचे रेणू उडून जातात, जवळजवळ तितकेच परत येऊन बसतात. पंखा लावला की सशाला चिकटलेली ओली हवा दूर ढकलली जाते आणि जरा कोरडी हवा येते. त्याचा उपयोग एवढाच, पण तोच फार मोठा आहे.

म्हणून ससा जाड टॉवेलात गुंडाळून दाबा, टॉवेल बदलून पुन्हा दाबा. मग मोठ्या चाळणीवर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल, आणि अधूनमधून कूस बदला. कातडी कोरडी लागली म्हणजे पोट कोरडं झालं, असं मुळीच समजू नका.

मग कळणार कसं? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर! धुण्याआधी ससा समजा १२० ग्रॅम होता. टॉवेलने टिपल्यावर १९० भरला. दर काही तासांनी वजन करून वहीत लिहा. काटा पुन्हा १२० च्या आसपास येऊन थांबला की पोट वाळलं. यात एक गंमत आहे. धागा सुती असेल तर ‘कोरड्या’ सशातही थोडं पाणी असतंच, कारण सुती धागा साधारण हवेत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून बसतो. ॲक्रिलिकमध्ये तो जेमतेम दीड-दोन टक्के. हवा बदलली की हा ओलावाही बदलतो, म्हणून एप्रिलचं वजन जुलैत वापरायचं नाही, धुण्याआधीच नवं घ्यायचं.

पोट ओलं राहिलं तर बुरशी येते. तिचे बीजाणू हवेत असतातच, त्यांना फक्त ओल हवी असते. कुबट वास आला की समजायचं, आत वस्ती झाली. दुसरी पाहुणी धूळकीड. आठ पायांची, कोळ्याची नातेवाईक, मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या भागाएवढी. ती पाणी पीत नाही, हवेतलं बाष्प अंगात ओढून घेते, म्हणून दमट घरं तिला आवडतात. ती चावत नाही, पण तिच्या विष्ठेमुळे काहींना शिंका येतात, धाप लागते. ससा पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवला तर किडी मरतात. विष्ठा मात्र तशीच राहते, म्हणून नंतर धुवायला हवंच. कपड्यांना लागलेली कीड मारायला अशी थंडी संग्रहालयांतही वापरतात. डांबरगोळ्या मात्र खेळण्यांजवळ नकोत. त्यांची वाफ लहान मुलांना अपायकारक असते.

बुरशी पोटात शिरलीच, तर मोठ्यांच्या मदतीने मानेची शिवण उसवा, जुना फायबर फेकून द्या, कातडी धुऊन वाळवा आणि नवं पोट भरा. शिवताना त्याच रंगाचा धागा लागतो. लोकर रंगवताना प्रत्येक खेपेची छटा किंचित वेगळी उतरते, त्यामुळे पुढच्या वर्षी दुकानात हुबेहूब तशी मिळेलच असं नाही. म्हणून ससा विणून उरलेल्या लोकरीचा छोटा गुंडा आजीकडून आजच मागून घ्या.