‘आजची शेवटची’ नंतरची पाच मिनिटं

‘आजची शेवटची’ हे वाक्य एकदाही न उच्चारलेला सिगारेटवाला शोधून सापडायचा नाही. पाडवा, वाढदिवस, एक जानेवारी, मुलीचा जन्म, डॉक्टरांनी उजेडात धरून दाखवलेला एक्स-रे... निमित्तं बदलतात, वाक्य तेच. म्हणताना ते खोटंही नसतं. त्या रात्री माणसाला खरंच वाटत असतं की सुटली. उद्यापासून पहाटे फिरायला जाऊ, जिना चढताना धाप लागणार नाही, घरातली कटकट संपेल. दुसऱ्या दिवशी अकराला ऑफिसातली मंडळी खाली चहाला निघतात, आणि टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर हातात कधी आला ते कळतही नाही.

मग सल्ले सुरू होतात. ‘पॉझिटिव्ह राहा, मनात आणलंस तर काय अशक्य आहे?’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग सहसा कुणी सांगत नाही.

गाब्रिएले एटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या विषयात बरंच काम केलं आहे. 1991 साली थॉमस वॉडन यांच्यासोबत त्यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या होत्या. एक, ‘मला हे जमेल’ हा विश्वास. दुसरी, बारीक झाल्यावर आपण कशा दिसू, लोक काय म्हणतील, याची मनात रंगवलेली गोड चित्रं. वर्षभराने पाहिलं तर विश्वास असलेल्यांचं वजन जास्त उतरलं होतं आणि चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की अशा गोड कल्पनेत रमलेल्या माणसाचा रक्तदाब किंचित उतरतो, अंगातली उमेद सैलावते. मुक्कामाला पोचल्याचं समाधान मनाला आधीच मिळालेलं असतं, मग चालायचं कशाला? ‘आजची शेवटची’वाल्या रात्री नेमकं हेच होतं.

एटिंगेनबाईंचा उपाय साधा आहे. चित्र रंगवा, पण लगेच त्याच्या शेजारी आपल्या वाटेतली खरी अडचण ठेवा. सगळ्या जगाची नाही, आपली. त्यांचे पती पीटर गोलविट्झर हेही मानसशास्त्रज्ञ. त्यांनी याला जोड दिली ती ‘जर-तर’ची. ‘मी सिगारेट ओढणार नाही’ असा नुसता निश्चय करायचा नाही. ‘अकराच्या चहाला कुणी पाकीट पुढे केलं, तर मी कप घेऊन पलीकडच्या बाजूला उभा राहीन’ असं आधीच ठरवून ठेवायचं. तलफ आल्यावर विचार करायला बसलात तर विचार तलफेच्याच बाजूने कौल देतो, म्हणून निर्णय आधी घेऊन ठेवायचा.

ही तलफ म्हणजे काय, तेही नीट पाहायला हवं. झुरक्यातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. निकोटीन उतरू लागलं की चुळबूळ सुरू होते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. पुढची शिलगावली की बरं वाटतं. ‘सिगारेटने टेन्शन जातं’ ही समजूत इथूनच आली. जे टेन्शन जातं त्यातलं बरंचसं आधीच्या सिगारेटनेच आणलेलं असतं. सोडलेल्या लोकांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीचे दिवस सरल्यानंतर त्यांची चिंता आणि उदासी, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेली त्यात दिसली.

त्रासाचा कळस पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक सगळं निवळतं. एकेक तलफ मात्र तीन ते पाच मिनिटांचीच असते. तुम्ही ओढा वा न ओढा, ती जाते. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट तलफेला लाटेसारखं पाहायला शिकवत. तिच्याशी झुंजायचं नाही, ती उंचावते कशी आणि ओसरते कशी हे बघत राहायचं.

सकारात्मक विचार कामाचा असतो तो या पाच मिनिटांत. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मराठी वाचकांपर्यंत आणली. एलिस यांचा भर गोड बोलण्यावर नव्हता, खरं बोलण्यावर होता. ‘मला सहनच होत नाही’ हे वाक्य तपासून बघा. आगगाडीत, विमानात, सासुरवाडीला, परीक्षेच्या हॉलमध्ये तीन-तीन तास सहन झालेलं असतं. म्हणजे सहन होतं, फक्त आवडत नाही. ‘मला तलफच येणार नाही’ असं स्वतःला बजावणारा पहिल्या तलफेला कोसळतो. ‘येईल, छळेल, जाईल’ म्हणणारा तग धरतो. मला तरी या दुसऱ्या माणसाचाच विचार जास्त सकारात्मक वाटतो.

काही अडचणी अगदी घरगुती असतात आणि त्या चारचौघांत कुणी बोलत नाही. ‘सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार थट्टेची नव्हे. निकोटीन आतड्यांना चालना देतं, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते. भरपूर पाणी, पपई, रात्री इसबगोल यांची तयारी आधीच ठेवावी. दुसरी गोष्ट चहा-कॉफीची. धुरातल्या काही घटकांमुळे शरीर कॅफीन भराभर संपवतं. धूर थांबला की तेवढ्याच कॉफीने रक्तात कॅफीन जास्त काळ राहतं, छाती धडधडते, झोप उडते आणि माणूस म्हणतो, ‘सिगारेट सोडल्यापासून बेचैन आहे.’ बेचैनी काही अंशी कॉफीची असते, म्हणून कप निम्मे करावेत. वजनही वाढतं, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. पण तेवढ्यासाठी पुन्हा सिगारेट धरणं हा तोट्याचाच सौदा.

घसरणं हा सगळ्यात नाजूक भाग. लग्नाच्या वरातीत, मित्राच्या आग्रहाने एक ओढली जाते. त्या एका सिगारेटने होणारं नुकसान मर्यादित असतं, खरं नुकसान त्यानंतरचं वाक्य करतं: ‘मोडलंच ना, आता कसलं काय!’ मार्लट यांनी माणसं व्यसनाकडे परत का वळतात याचा अभ्यास केला, त्यात हे वाक्य फार मोठं ठरलं. एकादशीला चुकून शेंगदाण्याऐवजी पोहे तोंडात गेले म्हणून कुणी लगेच वडापाव मागवत नाही. एक ओढली, ती का ओढली हे बघायचं, त्या जागेसाठी नवं ‘जर-तर’ करायचं आणि पुढची ओढायची नाही.

आता एक कडू गोष्ट. कोणत्याही मदतीशिवाय, निव्वळ निश्चयावर सोडू पाहणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे एका प्रयत्नात शंभरात तीन ते पाच. हे ऐकून निराश होऊ नका, मदत घ्या. निकोटीनचा गम औषधाच्या दुकानात मिळतो. तो च्युइंगमसारखा चघळत राहायचा नसतो. जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचा, आणि तेव्हा चहा प्यायचा नाही. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं डॉक्टर देतात. गोळी घेतली म्हणजे मन कमकुवत, हा समज सोडा. तापाला पॅरासिटामॉल घेताना आपण मनोबल मोजत नाही.

महाराष्ट्रापुरतं एक वेगळं सांगायला हवं. 2016-17 च्या देशव्यापी पाहणीत राज्यातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, पण तंबाखू, खर्रा, मशेरी यांसारख्या बिनधुराच्या प्रकारांत 24.4 टक्के अडकलेले होते. त्यामुळे सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागलेला ‘सुटलेला’ माणूस आपल्याकडे दुर्मीळ नाही. त्याने नुसती जागा बदलली, फुप्फुसाऐवजी गाल पणाला लावला. 2020 मध्ये राज्याने सुट्टी सिगारेट विकायला बंदी केली. टपरीवर काय चालतं ते वाचकांना ठाऊक आहे.

लंडनचे अकाउंटंट ॲलन कार दिवसाला शंभराच्या घरात सिगारेटी ओढत. 1983 मध्ये त्यांनी सोडली आणि दोन वर्षांनी त्यावर पुस्तक लिहिलं, ते जगभर खपलं. त्यांचं म्हणणं एवढंच की आपण काही गमावत नाही, त्यामुळे त्यागाचा आव आणायचं कारण नाही. विचार म्हणून हा मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. कार 2006 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले, हेही सांगायला हवं. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्मा व्हायला दहाएक वर्षं लागतात. म्हणून पन्नाशीपेक्षा चाळिशीत आणि चाळिशीपेक्षा तिशीत सोडलेली बरी. पण पन्नाशीत सोडलेलीही, न सोडण्यापेक्षा पुष्कळ बरी.

कागदाच्या एका चिठोऱ्यावर तीन ओळी लिहा: सोडायची तारीख, तुमची नेहमीची पहिली अडचण आणि तिच्यासाठीचं ‘तर’. चिठोरं पाकिटाऐवजी खिशात ठेवा. सिगारेटच्या पाकिटावर, त्या नकोशा चित्राजवळ 1800-11-2356 हा क्रमांक छापलेला असतो. ही केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. पुढचं पाकीट हातात आलं तर आधी तो नंबर फिरवा.