किल्ली काढल्यानंतरचा कारभार

सरकारने एखाद्या वस्तूवर कर बसवावा आणि तो टाळण्याच्या खटपटीतून एखादा नवा हुन्नर जन्माला यावा, ही गोष्ट जगाच्या इतिहासात अपूर्व नव्हे. परंतु इंग्लंडात घरी जुळवावयाच्या मोटारींचा जो छंद फोफावला, त्याच्या मुळाशी असलेली करचुकवेगिरी इतक्या उजळ माथ्याने चाललेली होती की तिला चुकवेगिरी म्हणणेही अन्यायाचे होईल. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन ही हलकी, उघडी, दोन माणसांची मोटार बाजारात आणली, तेव्हा तयार मोटारीवर खरेदी-कर भरावा लागे, सुट्या भागांवर तो लागत नसे. मात्र जुळणीच्या सूचना सोबत दिल्या तर ही सवलत बुडे, म्हणून मोटार सुटी कशी करावी याचे पत्रक देऊन गिऱ्हाइकाने ते शेवटाकडून आरंभाकडे वाचावे अशी तजवीज लोटसने केली, अशी आख्यायिका आहे. पुढे १ एप्रिल १९७३ पासून खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सवलत संपली; पण त्याच वर्षी ग्रॅहम नर्न यांच्या कॅटरहॅम कंपनीने सेव्हनचा वारसा उचलला, आणि १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत आपली आपण स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक लिहिल्यावर तर जुनी फोर्ड एस्कॉर्ट मोडून तिच्या अवयवांतून सेव्हनच्याच धर्तीची नवी मोटार उभी करण्याचे वेड घराघरांच्या गॅरेजांत शिरले.

या छंदाची जी वर्णने आढळतात त्यांत इंजिनाचे कौतुक फार. माझ्या मते बांधणाऱ्याचा खरा कस लागतो तो वायरिंगमध्ये, आणि त्यातही दोन अगदी सामान्य मंडलांत: रेडिएटरच्या पंख्याच्या आणि पार्किंग लाईटच्या. धन्याने किल्ली काढून खिशात टाकल्यावर गाडीत काय जिवंत राहावे आणि काय निमूटपणे निजावे, हा प्रश्न या दोघांच्याच निमित्ताने निकडीचा होतो, आणि कारखान्यातून आलेल्या गाडीच्या मालकाला तो आयुष्यात कधी पडतही नाही.

ब्रिटिश मोटारींच्या वायरींचे रंग या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच देऊन ठेवतात. तपकिरी वायर थेट बॅटरीची, अहोरात्र जिवंत. पांढरी किल्ली फिरवल्यावर जागी होणारी. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली. लाल पार्किंग लाईटची. आणि काळी परतीची, म्हणजे अर्थची. अशा रंगांचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, उलगडून जमिनीवर पसरला की प्रथम जो गोंधळ दिसतो, तो ही पाच नावे पाठ होताच निम्म्याने ओसरतो.

पंख्याची गरज सेव्हनच्या ठेवणीतूनच उद्भवते. एस्कॉर्टमध्ये पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. सेव्हनच्या बुटक्या नाकाडात रेडिएटर इंजिनापासून पुढे, एकटा बसतो, तेव्हा त्याला विजेचाच पंखा हवा. गाडी धावत असता वाऱ्याचा झोत पुरेसा होतो. पण चौकात रांगेत खोळंबली की पाण्याचे तापमान चढू लागते. रेडिएटरमध्ये बसवलेले उष्णतेचे बटण बहुधा ९२ अंशांस जुळते आणि ८७ अंशांस सुटते. मधले पाच अंश मुद्दाम सोडलेले असतात, नाहीतर पंखा घटकेत चालू, घटकेत बंद असा पोरखेळ मांडील. हे बटण पाण्यात बुडालेले हवे. वरच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकला आणि बटण नेमके त्यात सापडले, तर इंजिन उकळत असताही पंखा स्वस्थ बसतो आणि बांधणारा वायरी तपासत बसतो.

पंखा दहा-पंधरा अँपियर खातो, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. एवढा भार किल्लीच्या नाजूक बटणातून नेणे म्हणजे ते जाळण्याची हमी. म्हणून मध्ये रिले घालावयाचा: हुजुरातून निघालेली दोन ओळींची चिठ्ठी परगण्याच्या ठाणेदाराच्या हाती पडावी आणि तिच्या आधारे त्याने सारी फौज हलवावी, तसे त्याचे काम. त्याच्या पायांवर जर्मन प्रमाणाचे आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीची, स्वतंत्र फ्यूजमधून आलेली तपकिरी वायर; ८७ वरून पंख्याकडे; ८६ ला किल्लीची हिरवी; आणि ८५ वरून उष्णतेच्या बटणातून अर्थकडे. जाता जाता डॅशबोर्डवर एक साधे बटण ठेवून तेही ८५ वरूनच अर्थला जोडावे. मग उष्णतेचे बटण ऐन वेळी दगा देऊन बसले तरी चालक हाताने पंखा लावू शकतो. भाराच्या वायरीत काटकसर नको: ०.३० मिलिमीटरच्या २८ तारांची वायर साडेसतरा अँपियर सोसते, १४ तारांची पावणेनऊच.

रिले न घालता पंखा थेट किल्लीच्या मंडलात जोडणाऱ्यास एक विलक्षण अनुभव येतो. तो किल्ली बंद करतो, आणि इंजिन बंद होत नाही! गरगरत असलेला पंखा वीज बंद होताच स्वतःच जनित्र बनतो, ती वीज उलट वाटेने इग्निशनला पुरवतो, आणि पाती मंदावेपर्यंत, एखाद-दोन सेकंद, मालकाचा हुकूम धाब्यावर बसवून इंजिन धडधडत राहते. वर सांगितलेली जोडणी केली की हा बंडावा आपोआप मोडतो, कारण पंख्याची परतीची वीज इग्निशनपर्यंत पोचतच नाही.

८६ ची वायर हिरवीऐवजी बॅटरीची घेतली, तर किल्ली काढल्यावरही पंखा गार करीत राहतो, आणि पुष्कळांना ही मोठी चतुराई वाटते. मला ती पटत नाही. इंजिन थांबले की पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंपही थांबतो. मग पंखा गार करतो ते रेडिएटरातले पाणी, आणि खरी धग तर इंजिनाच्या माथ्यात कोंडलेली असते. त्या अल्प लाभासाठी बॅटरी उतरण्याची जोखीम कशाला पत्करावी? पंख्याने किल्लीच्या आज्ञेत असावे हेच बरे.

पार्किंग लाईटचे नेमके उलट. ज्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ३० मैलांहून अधिक असेल तेथे रात्री उभ्या केलेल्या गाडीने दिवे लावलेच पाहिजेत, असा इंग्लंडचा दंडक आहे; म्हणजे किल्ली मालकाच्या खिशात असताना ते जळले पाहिजेत, आणि म्हणून त्यांच्या बटणाला तपकिरी वायरच लागते. पाच-पाच वॉटचे चार दिवे आणि नंबरप्लेटचा एक मिळून पंचवीस वॉट, म्हणजे दोन अँपियर. चाळीस अँपियर-तासांची धडधाकट बॅटरी हिशेबाने वीस तास पुरावी, जुनी अर्थातच त्याआधी मान टाकते.

मात्र दिव्यांच्या बाबतीत घात होतो तो जाणाऱ्या वायरीने नव्हे, येणाऱ्या वायरीने. कारखान्याच्या गाडीत पोलादी अंगच परतीची वाट होते. सेव्हनचे मडगार्ड फायबरग्लासचे, त्यांतून वीज वाहत नाही, म्हणून त्यांवर बसवलेल्या प्रत्येक दिव्याला स्वतःची काळी वायर सांगाड्यापर्यंत न्यावी लागते आणि तेथला रंग खरवडून लग पक्का कसावा लागतो. हा लग सैल राहिला की चमत्कार सुरू होतात: ब्रेक दाबावा तर पार्किंग लाईट मिणमिणतात, इंडिकेटर लावावा तर टेललाईट त्याच्या तालावर फुलतो व विझतो, कारण परतीची वाट बंद झालेली वीज शेजारच्या दिव्याच्या तारेतून आडवाट काढते. ब्रिटिश मोटारींचे दिवे पुरवणाऱ्या लूकास कंपनीला रसिकांनी ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी बहाल केली आहे. त्यातील बरेचसे पाप अशा गंजलेल्या अर्थच्या खात्यावर टाकावयास हवे.

अखेर गाडी सरकारी परीक्षकापुढे जाते. १९९८ साली आलेल्या जुन्या पद्धतीची जागा २००९ पासून अधिक कडक तपासणीने घेतली आहे, आणि तिच्यात एक अट अशी की पार्किंग लाईट लागल्याखेरीज हेडलाईट लागता कामा नयेत. जुन्या बटणाची पहिली टिचकी पार्किंगची आणि दुसरी हेडलाईटची असल्यामुळे हा बंदोबस्त आपसूक होत असे. पण शोभेच्या हौसेने डॅशबोर्डवर दोन वेगळी टॉगल बटणे बसवणारे गृहस्थ हेडलाईटच्या बटणालाही थेट बॅटरीची वायर देऊन मोकळे होतात आणि नापास होतात. ती वायर काढून पार्किंगच्या बटणाच्या बाहेरच्या टोकावरून हेडलाईटच्या रिलेला नुसता हुकुमाचा करंट द्यावयाचा, एवढेच काम असते. ते हातभर वायरीत आटोपते, परंतु फेरपरीक्षेचे शुल्क मात्र वेगळे भरावे लागते.